स्वच्छ हातांचा अभ्यासक्रम

बुलडाणा जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला राज्यातील दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. या दहांत मिळून ९०० जागा. त्यांतल्या शंभर बुलडाण्याच्या. त्यानंतर चर्चा झाली ती अपेक्षेप्रमाणे इमारतीची, अध्यापकांच्या रिक्त पदांची आणि कोट्याची. हे सारे प्रश्न खरेच आहेत. पण वैद्यकीय विद्यार्थी रुग्णाला प्रथम जे देतो ते औषध नसते, निदानही नसते. तो त्याला आपला हात देतो. त्या हातावर काय आहे, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसले नाही.

ही मुले जिल्हा रुग्णालयापुरती राहणार नाहीत. एमबीबीएसच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे असते आणि आंतरवासितेच्या काळात ग्रामीण आरोग्य केंद्रात काम करायचे असते. परिचर्या अभ्यासक्रमाच्या मुलींची ग्रामीण नेमणूक तर त्याहून जुनी. म्हणजे जिल्ह्यात शिकणारी ही पिढी आज ना उद्या मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावात पोहोचणार. मेहकर-मालेगाव रस्त्यावरचे हे गाव घाटावरच्या पट्ट्यात येते. अशा गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाच सकाळी लसीकरणाची बाळे, कुत्रा चावलेला शेतकरी, कापलेल्या बोटाचे ड्रेसिंग, खोकणारा वृद्ध आणि कळा सुरू झालेली बाई हे सगळे एकाच छपराखाली येतात. मोठ्या रुग्णालयात जे वेगवेगळ्या मजल्यांवर असते, ते इथे एकाच आरोग्यसेविकेच्या दोन हातांतून जाते. संसर्ग नियंत्रणाची परीक्षा घ्यायची तर याहून अवघड केंद्र शोधून सापडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये या विषयावरचा आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सात जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना, रुग्णालयातच किमान एक नवा संसर्ग होतो आणि असा संसर्ग झालेल्या दहांपैकी एक दगावतो, असे तो अहवाल सांगतो. हातांची स्वच्छता आणि इतर साध्या, कमी खर्चाच्या उपायांनी यांतले सत्तर टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात, असेही त्यात म्हटले आहे. पाय मोडला म्हणून भरती झालेला माणूस जंतुदोषाने दगावतो, तेव्हा घरचे लोक त्याला नशीब म्हणतात. नोंदीत त्याचे कारण बहुधा वेगळेच लागते. त्यामुळे हा आकडा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

या शास्त्राचा जन्मच मुळी विद्यार्थ्यांच्या हातांपासून झाला, हे पाठ्यपुस्तकात असते, पण परीक्षेपुरते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ११.४ टक्के होते, सुईणींच्या विभागात २.८ टक्के. हे शहरात सर्वांना ठाऊक होते. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून बायका रडत-भेकत विनवण्या करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला कारण उमगले ते एका मित्राच्या मृत्यूने. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातची सुरी लागून प्राध्यापक कोलेश्का १८४७ च्या मार्चमध्ये मरण पावले आणि त्यांच्या देहात जी लक्षणे दिसली, ती बाळंतिणींच्या देहात दिसणारीच होती. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवागारात जातच नसत. सेमेलवाइसने क्लोरिनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले. जंतू ही कल्पना तेव्हा मान्य झालेली नव्हती. त्याला फक्त एवढे दिसले होते, की मृत्यू हाताबरोबर चालत येतो. वरिष्ठांना हे पचले नाही. आपल्याच हातांनी रुग्ण मेले, हे मान्य करणे कोणत्याही काळात कोणत्याही डॉक्टरला सोपे गेलेले नाही.

व्हिएन्ना दूरची वाटत असेल, तर परळ जवळ आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीचे काम सुरू केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. तिथून देशभर लस जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते; इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुन्हा तपास केला तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तिच्यात इतके दिवस वाढले असते तर तिला दुर्गंधी आली असती. पण बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास जाणवला नव्हता. याउलट, बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नोबेल मानकऱ्याने हाफकिन यांच्या बाजूने वृत्तपत्रातून लिहिले. १९०७ च्या अखेरीस ते दोषमुक्त झाले. एका चिमट्याने एकोणीस जीव घेतले आणि एका शास्त्रज्ञाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे खाल्ली.

विद्यार्थ्याला शिकवायच्या जवळजवळ सर्व मूळ कल्पना या एका प्रसंगात आहेत. संसर्गाला साखळी लागते: जंतू राहतो अशी जागा, तिथून बाहेर पडण्याची वाट, दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याचे साधन, आत शिरण्याचे दार आणि त्याला बळी पडू शकणारे शरीर. मुलकोवालात माती ही जागा होती, चिमटा हे साधन, सुई हे दार. यांतली एकच कडी तोडली असती तरी पुरे होते. शिवाय 'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' यांत फरक आहे. धुतलेला चिमटा स्वच्छ असतो. त्वचेखाली जाणाऱ्या वस्तूला तेवढे पुरत नाही, कारण धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणून ऑटोक्लेव्ह लागतो आणि त्यात ठरलेले तापमान, ठरलेला दाब, ठरलेला वेळ लागतो. जुन्या पिढीच्या वाचकांना दवाखान्यातल्या स्पिरिटच्या दिव्यावर उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजा आठवत असतील. त्या उकळण्यावर सगळ्यांचा विश्वास होता. तो पुरता खरा नव्हता.

आता हात धुण्याचा व्यवहार पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितले: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, कोणतेही निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेजवळच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. साबण-पाण्याने हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद आणि अल्कोहोलचे द्रावण चोळण्यास वीस ते तीस सेकंद लागतात. तोंडी परीक्षेत विद्यार्थी हे पाचही क्षण बोटांवर मोजून दाखवतो. त्याच दुपारी वॉर्डात राउंड निघतो. पुढे प्राध्यापक, मागे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे विद्यार्थी. चाळीस खाटा आणि वॉर्डाच्या टोकाला एक बेसिन. प्राध्यापक एका पोटावरून दुसऱ्या पोटावर हात ठेवत पुढे सरकतात. विद्यार्थी त्या वेळी जे शिकतो ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते, आणि तेच त्याला जन्मभर पुरते.

हा केवळ संशय नाही. शिकागोतील एका रुग्णालयाचे नव्या इमारतीत स्थलांतर झाले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याचे निरीक्षण करण्यात आले. त्याचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या इमारतीत बेसिने अधिक होती, सोयीची होती. तरीही हात धुण्याचे प्रमाण ५३ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर घसरले. सर्वांत ठळक आढळले ते असे, की खोलीत वरिष्ठ व्यक्तीने हात धुतले नाहीत तर सोबतचेही धूत नाहीत. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात याच्या उलट घडले. तिथे १९९४ ते १९९७ या काळात खाटेशेजारी अल्कोहोलची बाटली ठेवून, भिंतीवर फलक लावून आणि मोजमाप करून ते सर्वांसमोर मांडून हातांच्या स्वच्छतेचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर नेले गेले आणि रुग्णालयातील संसर्ग १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली ती परिचारिका आणि त्यांच्या सहायकांत. डॉक्टर होते तिथेच राहिले. बुलडाण्याच्या महाविद्यालयाला इमारत हवी यात वाद नाही; पण इमारतीने हात धुतले जात नाहीत.

घाटावरच्या गावांत आणखी एक अडचण आहे, जी जिनिव्हात नव्हती. उन्हाळ्यात इथे पाण्याची टंचाई ही बातमी राहिलेली नाही. टँकरची वाट पाहणे हे वेळापत्रक आहे. ज्या गावात पिण्याच्या पाण्याची घागर मोजून वापरली जाते, तिथे आरोग्य केंद्राच्या नळाला बारमाही धार असेल असे गृहीत धरून लिहिलेला पाठ कागदावरच राहतो. मग बादलीत मग बुडवून हात धुतले जातात. तो मग आणि ती बादली दिवसभर सर्वांच्या हातांखाली असते. यावर उपाय महागडा नाही. तोटी बसवलेली झाकणाची टाकी ही धार देऊ शकते. अल्कोहोलच्या द्रावणाची कृतीही जागतिक आरोग्य संघटनेने उघड दिलेली आहे: दहा लिटरसाठी ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ग्लिसरीन १४५ मिलिलिटर, बाकी उकळून थंड केलेले पाणी. जिल्हा रुग्णालयाचा औषधनिर्माता हे करू शकतो. हात उघड मळलेले वा रक्ताने माखलेले असतील तर मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही, हे विसरून चालणार नाही. हातमोजे हाही पर्याय नव्हे. एकच जोडी घालून चार रुग्णांना हात लावणारा कर्मचारी स्वतः सुरक्षित राहतो आणि चौघांचे जंतू एकमेकांत वाटतो.

हातानंतर सुई. आपल्याकडे सुईवर जनतेची जी श्रद्धा आहे तिला तोड नाही. सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही, असे मानणारा रुग्ण डोणगावात भेटेल तसा पुण्यातही भेटेल. इंडियाक्लेन या वैद्यकीय संशोधकांच्या जाळ्याने देशभर केलेल्या पाहणीत भारतात दरवर्षी काही अब्ज इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली सुमारे ६३ टक्के असुरक्षित पद्धतीने दिली जातात, असे आढळले होते. ती पाहणी या शतकाच्या पहिल्या दशकातली. नंतर शासकीय लसीकरणात एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा आल्या आणि त्या क्षेत्रापुरते चित्र पालटले. उपचारासाठीच्या इंजेक्शनांबाबत तसे झाले नाही. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बीची साथ पसरून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या जात असल्याचे, इतकेच नव्हे तर भंगारातून परत बाजारात येत असल्याचे उघड झाले. २०१८ च्या प्रारंभी उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे दिसले. संशयाची सुई सायकलवरून फिरणाऱ्या एका भोंदू डॉक्टरच्या एकाच सुईवर स्थिरावली. भोंदूवर खापर फोडणे सोपे आहे. पण पांढरा कोट घातलेला माणूसही सुई बदलतो आणि सिरिंज तीच ठेवतो, किंवा अनेक मात्रांच्या बाटलीत वापरलेली सुई पुन्हा खुपसतो, तेव्हा साखळी तशीच जोडली जाते.

सुई विद्यार्थ्यालाही टोचते. रक्त काढून झाले, सुईला टोपण लावताना दुसऱ्या हाताच्या बोटात गेली. हा अपघात रुग्णालयातल्या प्रत्येक तुकडीने पाहिलेला असतो आणि बहुतेकांनी दडवलेला असतो. बाधित रक्ताच्या सुईतून लागण होण्याची शक्यता एचआयव्हीसाठी हजारात तीन आहे. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस-बीची मात्र शंभरात तीसपर्यंत. भीती पहिल्याची असते, धोका दुसऱ्याचा मोठा असतो. बोट पिळायचे नाही, तोंडात घालायचे नाही, साबण-पाण्याने धुवायचे, लगेच कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. ज्या विभागात सुई टोचल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला 'लक्ष कुठे होते' हा पहिला प्रश्न ऐकावा लागतो, तिथे ७२ तास गप्प राहण्यातच जातात.

साधने आली म्हणजे शहाणपण आले असे होत नाही, हे विदर्भाने २०२१ मध्ये पाहिले. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका गावी ३१ जानेवारीच्या पोलिओ मोहिमेत बारा बालकांना लशीऐवजी हातावर चोळायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली. कारवाई झाली, ती नेहमीप्रमाणे शेवटच्या पायरीवरच्या माणसांवर. पण दोन बाटल्या शेजारी का होत्या आणि देण्यापूर्वी लेबल वाचण्याची सवय का नव्हती, हे प्रश्न निलंबनाने सुटत नाहीत. करोनाने सॅनिटायझर प्रत्येक टेबलावर आणले होते. सवय आणलेली नव्हती.

संसर्ग ओळखणे जितके महत्त्वाचे, तितकेच संसर्ग नसलेले ओळखणेही. २०२४ च्या अखेरीस बुलडाणा जिल्ह्यातच शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. लागण होईल या भीतीने त्या गावांच्या लोकांपासून अंतर राखले जाऊ लागले. पुढे तपासाचा रोख शरीरातील सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे वळला, म्हणजे एकाकडून दुसऱ्याला लागणाऱ्या आजाराचा तिथे प्रश्नच नव्हता. साखळीच्या पाच कड्या ज्याला नीट समजल्या आहेत असा विद्यार्थी अशा वेळी गावकऱ्यांना निदान एवढे विचारू शकतो, की हे एकाकडून दुसऱ्याकडे गेले, की सर्वांना एकाच वेळी एकाच ठिकाणाहून मिळाले?

कचऱ्याबाबत नियमांची कमतरता नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी विभागणी जिथे कचरा निर्माण होतो तिथेच करायची असते. सुया न टोचणाऱ्या, न गळणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायच्या असतात. खाटेशेजारी चुकीच्या डब्यात टाकलेली सुई शेवटी टोचते ती सफाई करणाऱ्या मावशीला. तिला परीक्षा नसते, बहुधा लसही नसते, जरी त्याच नियमांत कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस बंधनकारक केलेली आहे.

अभ्यासक्रमात हा विषय नाही असे म्हणता येणार नाही. एमबीबीएसच्या पायाभूत अभ्यासक्रमात हात धुणे, सर्वसामान्य खबरदारी, कचरा वर्गीकरण आणि लसीकरण यांचा समावेश आहे. परिचर्येच्या पदवीत २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रण असा एकत्र विषयच ठेवला. शासकीय आरोग्य संस्थांसाठी २०१५ पासून 'कायाकल्प' योजना आहे आणि तीत संसर्ग नियंत्रणाला गुण आहेत. तपासणीचे पथक येण्याच्या आठवड्यात साबण येतो, फलक रंगतात, हेही तितकेच खरे. उणीव आहे ती कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवण्याच्या मुभेची. आरोग्यसेविकेने डॉक्टरला, विद्यार्थ्याने प्राध्यापकाला 'सर, हात' एवढे म्हणावे आणि सरांनी निमूटपणे बाटलीकडे वळावे, हे कोणत्याही परिपत्रकाने होत नाही. ते विभागप्रमुखाने पहिल्या आठवड्यात, सर्वांदेखत, स्वतः करून दाखवावे लागते. जुन्या महाविद्यालयांत मुरलेल्या सवयी मोडणे कठीण. बुलडाण्यात अद्याप सवयी पडायच्या आहेत, ही या नव्या महाविद्यालयाची जमेची बाजू.

एक गोष्ट मात्र तारखेशी बांधलेली आहे. हिपॅटायटिस-बीची लस तीन मात्रांची असते: पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही हे पाहायचे. म्हणजे वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी संरक्षण हवे असेल तर पहिली मात्रा प्रवेशाच्या आठवड्यात दिली गेली पाहिजे. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती तपासणाऱ्या खिडकीवर लसीच्या पहिल्या मात्रेची नोंद पाहायला फार तर एक मिनिट जास्त लागेल.